सोयाबीन निघू द्या

मंगरूळपीरला मी भाड्याने राहतो त्या खोलीचा स्लॅब जुलैपासून गळत होता, तोही नेमका पलंगावर. घरमालक खालीच राहतात, शेतकरी माणूस. मी चार वेळा सांगितलं. चारही वेळा एकच उत्तर, "सर, सोयाबीन निघू द्या, मंग पाहू." सोयाबीनचा आणि माझ्या पलंगाचा काय संबंध, हा प्रश्न मी दर वेळी गिळला आणि बादली ठेवून झोपलो.

सोयाबीन निघालं. भाव पडलेला होता, म्हणून त्यांनी सगळी पोती माझ्या शेजारच्या रिकाम्या खोलीत रचली. तिचाही स्लॅब गळतच होता. परतीच्या पावसाचं आभाळ भरून आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी हजर. मी खूश होऊन शाळेत शिकवायला गेलो. संध्याकाळी गच्चीवर चढून पाहिलं, तर ताजं सिमेंट बरोबर मधल्या भिंतीपर्यंत येऊन थांबलेलं. माझ्या बाजूला तेच जुनं शेवाळ.

मी तणतणत खाली उतरलो. "काका, माझी खोली का सोडली?"

त्यांना खरोखरच नवल वाटलं.

"सर, तुमच्या खोलीत माल कुठं हाये?"