घड्याळजीचा रुमाल

लोणावळ्यात माझ्या फोटो स्टुडिओच्या पायरीशेजारी एक घड्याळजी बसायचा. रेल्वेचे लोक त्याच्याकडून घड्याळाच्या आकड्यांवर रेडियम भरून घेत, म्हणजे घाटातल्या बोगद्यातही वेळ दिसे. प्रत्येक आकड्याआधी तो ब्रश ओठांत फिरवून त्याचं टोक काढायचा. काम झालं की घड्याळाभोवती ओंजळीचा अंधार करून गिऱ्हाइकाला आत डोकावायला लावायचा. "बगा, कसं पेटलंय!"

एकदा त्याचा ब्रश पुसायचा रुमाल माझ्या टेबलावर राहिला. त्याखाली काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची कोरी काच होती; तेव्हा फिल्मऐवजी काचेवरच फोटो घेत. पुढं त्या काचेवर मी एका जोडप्याचा फोटो घेतला, आणि ती धुतली तर नवराबायकोच्या मधोमध रुमालाच्या घडीएवढा काळा डाग! रेडियमचे किरण काळ्या कागदातूनही आरपार गेले होते.

मी काच घेऊन तडक पायरीवर गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसायला लागला, तसा मी चिडलो.

"अहो भाऊ, रुमालाला तुम्ही नुसता ब्रश पुसता. ओठांना तर दिवसभर लावता!"

त्यानं काच उन्हात धरली. घडीच्या कडासुद्धा त्या डागात उमटल्या होत्या. ओठांकडे निघालेला त्याचा हात मध्येच थांबला.

"आन् कारभारीन?" त्यानं हळूच विचारलं. "ती रोज माज्या उष्ट्या ताटात जेवती."