सगळ्यांचे पॉइंट निघाले, मम्मीचा सोडून

थांबा, सगळी कामं बाजूला ठेवा, हे आत्ताच्या आत्ता सांगितल्याशिवाय मला ऱ्हावणार न्हाई. टाइप करताना चुका होतीन, समजून घ्या, मागं जाऊन दुरुस्त करायला टाइम न्हाई.

तर आमी नवीन घरात आलो! हिंगोलीतच, पण सोतःच्या. माझा सगळा जलम भाड्याच्या दोन खोल्यांत गेलेला, त्यामुळं पहिल्या दिवशी मी नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. पूजा झाली, पाव्हणे जेवून गेले, आन दुसऱ्या दिवशी सकाळी आमाला कळालं की घर आमचं हाय, पण कोणतं बटन कशाचं हाय ते कोनालाच माहीत न्हाई.

सुरुवात दादापासून झाली. माझा मोठा भाऊ. तो आंघोळीला गेला आन आतून वरडला, "ए, लाइट लाव की!" बाथरूमचं बटन हॉलमधी, टीव्हीच्या शेजारी. मी सोफ्यावर बसून बटनावर बोट ठेवलं आन म्हणलं, "आधी सांग, माझं चार्जर कुठं लपवलं?"

"बाहेर आल्यावर दाखवतो तुला!"

"मग बस अंधारात."

माझ्या खोलीचं तर विचारूच नका. बोर्ड दाराच्या मागं! म्हंजी खोलीत जायचं, दार लावायचं, मग अंधारात भिंत चाचपडत बटन शोधायचं. आन पंख्याचं रेग्युलेटर मम्मी-पप्पांच्या खोलीत. दुपारी मी झोपले की पप्पा आपला पंखा कमी करायला जातेत, आन कमी माझा होतो. सैपाकघरातलं एक बटन मम्मी दोन दिवस उगंच चालू-बंद करून पाहत होती, काहीच लागंना. मग शेजारच्या काकू आल्या आन म्हणल्या, "तुमच्या गच्चीवर दिवसा बी दिवाळी हाय का?" ते बटन गच्चीच्या लाइटचं निघालं.

आमी इतके हसलो ना! पप्पा मात्र चिडले. "येऊ दे त्या चाचाला, बघतो!" चाचा म्हंजी आमचे वायरिंगवाले. जुन्या गल्लीत आमच्या शेजारीच राहत होते, पप्पांची लई जुनी ओळख.

मग मी ठरवलं की सगळ्या बटनांवर चिठ्ठ्या चिटकवायच्या. मोबाइलचं चार्जर घेऊन मी घरभर फिरले, एकेक प्लग तपासत. पप्पांच्या टीव्हीचा हाय. फ्रीजचा हाय. मिक्सरचा हाय. दादाच्या कॉम्प्युटरला तर तीन. माझ्या अभ्यासाच्या टेबलाला दोन. देवघरात झगमग माळेसाठी बी एक. असं करत करत मी हॉलच्या खिडकीजवळच्या कोपऱ्यात आले. तिथं मम्मीची शिलाई मशीन होती, जुन्या साडीनं झाकलेली. मोटरची वायर खाली लोंबत होती.

प्लगच न्हाई.

मी भिंत दोनदा बघितली. खाली वाकून बघितली. न्हाई म्हंजी न्हाई.

मम्मीच्या मशीनचं सांगते. माझ्या पहिलीच्या शाळेच्या ड्रेसपासून माझ्या मैत्रिणीच्या हळदीच्या ब्लाउजपर्यंत सगळं या मशीनवर शिवलेलं हाय. गल्लीतल्या निम्म्या बाया तिच्याकडंच यायच्या. गुडघा दुखायला लागल्यापासून तिला पाय मारणं होत न्हाई, म्हणून मोटर बसवली होती. प्लग न्हाई तर मशीन बंद.

मी सैपाकघरात गेले. "मम्मी, तुझ्या मशीनचा पॉइंट कुठंय?"

"न्हाई."

"काहून न्हाई?"

"न्हाई काढला. ऱ्हाऊ दे, आता लई झालं शिवून. मावशीच्या पोरीला फोन केला मी, ती रविवारी येऊन घेऊन जाती मशीन. तिच्या गावाला, साखऱ्याला, कामाला येईल."

हे ती भेंडी चिरता चिरता म्हणली, माझ्याकडं न बघता. आन मला एकदम तो दिवस आठवला.

प्लास्टरच्या आधीचा. नुसत्या विटांच्या भिंती, चाचा खडू घेऊन उभे, आन आमी सगळे एकदम वरडून राहिलो, इथं पॉइंट, तिथं पॉइंट! मम्मी तिथंच तीन विटा मांडून चहा करत होती. ती एकेकाला कप देऊन गेली. मी एका हातानं तिच्याकडून कप घेतला आन दुसऱ्या हातानं भिंत दाखवत म्हणलं, "चाचा, इथं माझे दोन." तिला कोनीच विचारलं न्हाई. मी बी न्हाई. हे लिहिताना बी तोंड गरम होऊन राहिलं माझं.

मी हॉलमधी येऊन सगळ्यांसमोर सांगितलं. पप्पा मम्मीला म्हणले, "अगं मग तू बोलायचं ना!"

मम्मी शांतपणे म्हणली, "तुमी विचारलं का?"

पप्पांनी पेपर उचलला आन उलटा धरला. खरंच उलटा.

दादानं टीव्हीच्या प्लगमधून लांब वायर ओढली, पूर्ण हॉलमधून. पाच मिनिटात पप्पाच तिच्यात पाय अडकून भिंतीला धरत उभे राहिले. "काढ ते!" मम्मी म्हणली. "माझ्या मशीनपाई कोनाचं हाड मोडायला नको."

मी सरळ चाचांना फोन लावला. ते शनिवारी सकाळी आले, मोपेडला पिशवी लटकवून. पप्पा दारातच सुरू झाले. "काय वायरिंग केली हो चाचा! बाथरूमचं बटन हॉलमधी?"

"साहेब, बाथरूमचं दार पहिले हॉलमधूनच होतं. हट्ट्याचे पाव्हणे आले, म्हणले दिशा बराबर न्हाई. तुमी दार पलीकडून काढलं. पोरीच्या खोलीचं दार बी उलटं केलं. मैं बोला ना, बोर्ड हलवू का? तुमी म्हणले, झालेली भिंत फोडू नका."

हट्टा गावचे पाव्हणे म्हंजी माझे मामा. दादा हसून हसून सोफ्यावर आडवा झाला.

"आन रेग्युलेटर? गच्चीचं बटन?" पप्पांनी विचारलं.

"वो मेरी गलती," चाचा लगेच म्हणले. "तारा अदलाबदल झाल्या. आज करून देतो."

मग पप्पा जरा हळू आवाजात म्हणले, "चाचा, त्या कोपऱ्यात एक पॉइंट पाहिजे. पण आता रंग झाला. भिंत फोडावीच लागंल ना?"

चाचा सरळ कोपऱ्यात गेले. खिडकीच्या चौकटीपासून त्यांनी हातानं वीत मोजली, एक, दोन, मग जरा खाली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं भिंत वाजवली. ठक. ठक. ठक. डब्ब.

"इथं है."

त्यांनी पत्तीनं रंग खरवडला, वरचा पातळ गिलावा काढला, आन आतून सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचा बोळा निघाला! त्याच्या मागं लोखंडी डबा. आन डब्यात वरून आलेला पाइप. मी तर किंचाळलेच.

"हे कवा केलं?" पप्पा.

"त्याच दिवशी. तुमी सगळे आपला आपला पॉइंट सांगून राहिले, भाभी चहा देऊन गेल्या. मी म्हटलं, या घरात एक मशीन बी चालती, माझ्या पोरींचे सगळे कपडे तिच्यावर शिवले, तिचा पॉइंट कोनी सांगंना. खिडकीजवळच्या कोपऱ्याचं तुमाला विचारलं, तर तुमी म्हणले तिथं शोकेस येणार हाय, काही नको. मग मी नुसता रिकामा पाइप टाकून ठेवला. पाइप टाकायला काय लागतंय? नंतर भिंत फोडायला लई तकलीफ."

"मग नंतर सांगायचं ना!"

"प्लास्टरवाल्यानं झाकून टाकलं, आन मी बी विसरलो साहेब. परवा पोरीचा फोन आला तवा आठवलं."

पप्पांनी वाकून डब्यात बोट घालून बघितलं. मग सैपाकघरात गेले. मम्मी तिथं, अर्थातच, चहा करून राहिली होती. पप्पा म्हणले, "बाजूला सरक, चहा मी बघतो. तू जा, चाचाला सांग तुला काय काय पाहिजे."

मम्मी पदराला हात पुसत आली. "कुठं बी लावा, चालंल."

"कुठं बी न्हाई भाभी," चाचा म्हणले. "मशीनवर बसा आन सांगा."

ती बसली. साडी बाजूला केली. उजवा हात लांब केला आन म्हणली, "बटन इथं हाताला आलं पाहिजे." मग थोडी थांबून, "आन वर एक लाइट. सुईवर माझीच सावली पडती." मग अजून थोडी थांबून, "आन इस्त्रीला एक प्लग."

"घ्या! आता थांबती का ती!" दादा म्हणला. मी त्याला चापट मारली.

पप्पांचा चहा म्हंजी साखरेचा पाक होता. चाचांनी सगळा पिला आन "वा" म्हणले. इतका चांगला माणूस मी तरी बघितला न्हाई. आमाला वाटलं होतं त्यांनी घराचा घोळ केला, आन मम्मीची आठवण ठेवून काम केलेला माणूस तेवढा एकच निघाला.

दुपारपर्यंत चाचांनी पाइपातून तार ओढून पॉइंट चालू करून दिला. संध्याकाळी मम्मीनं साखऱ्याला, मावशीच्या पोरीला फोन लावला. "पोरी, रविवारी ये, पण मशीन न्यायला न्हाई, जेवायला ये. शिवायचं असंल तर शेजारी बस, मी शिकवते."

ती पोरगी आज येऊन गेली. बाथरूमचं बटन अजून टीव्हीशेजारीच हाय, पप्पा भिंत फोडू देत न्हाईत. पण आत्ता हे टाइप करताना हॉलमधून मशीनचा आवाज येऊन राहिला, आन मला इतकं बरं वाटून राहिलं की काय सांगू.

आता तुमी सांगा. तुमच्या घराचे पॉइंट काढताना कोनाला विचारायचं राहिलं होतं का? आन ते तुमाला कवा कळालं?