राणीचा पदर, हवालदाराचा खांदा

माझा दोस्त सुखदेव गेल्याचा फोन त्याच्या मुलाने केला तेव्हा मी अंगणात धान वाळवत होतो. ‘काका, बाबा गेले जी,’ मोरेश्वर म्हणाला आणि फोन कट झाला. मी पुन्हा धानच पसरायला लागलो… का, ते विचारू नका. महिना झाला, अजून डोकं ठिकाणावर नाही.

आमचा जिल्हा तेव्हा चांदा होता. पन्नासच्या दशकात धानोऱ्याकडच्या आमच्या गावात दंडार, म्हणजे आमच्याकडचं रात्रभराचं लोकनाट्य, बसायची. मी ढोलकीवर. बाया नाटकात येत नसत, म्हणून मिसरूड न फुटलेल्या सुखदेवकडे राणीचं काम आलं. पदर सारखा घसरायचा, त्यामुळे बोलण्याआधी त्याचा उजवा हात डाव्या खांद्यावर जायचाच. एकदा दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दंडारीला धानोऱ्याचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, स्थळ दाखवायला. मुलीने विचारलं, ‘नवरदेव कोणता?’ सगळ्यांनी राणीकडे बोट दाखवलं. ‘बाबा, मले बाईले देऊन राह्यले का?’ म्हणत ती पोर जी रडली! त्याच जनावहिनी. लग्न झालं, चिडवणं मात्र जन्मभर पुरलं.

पुढे आम्ही नाटक कंपनीत गेलो, नाटकात खऱ्या बाया आल्या आणि राणी गेली. सुखदेव चोर झाला, निरोप्या झाला, भाल्यासह कोपऱ्यात उभा राहिला. मला राग यायचा. ‘काऊन अपमान करून घेतेस गा?’ मी म्हणायचो.

‘उभं त राहाले भेटते न,’ तो म्हणायचा.

केस पिकल्यावर नागपूरला टीव्हीच्या पोलीस मालिकेची माणसं आली. त्यांना आमच्या बोलीत बोलणारा म्हातारा हवालदार हवा होता. नाटक कंपनीच्या मालकाने याला पाठवलं. प्रसंग एवढाच, की एका आईला तिचा मुलगा गेल्याचं सांगायचं. हा शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा ओरडला. हळू बोला, हळू बोला, असं ते सांगत राहिले. शेवटी अगदी हळू बोलला, पण बोलण्याआधी हात खांद्यावर गेला. खाकीवर पदर कुठला! तरी त्यांनी तेच ठेवलं. गावातल्या एकुलत्या टीव्हीसमोर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला हसू येत होतं.

तेरवीला फोटोचा प्रश्न आला. राणीचा फोटो कोणी काढलाच नव्हता. होता तो एकच, हवालदाराचा, मालिकावाल्यांनी दिलेला. मोरेश्वर तो लावायला तयार नव्हता. ‘काका, आपल्या भागात वर्दी घरात दिसली त नक्षलवालेही विचारतेत न पोलीसही. हे नाटक होतं, हे कोणाकोणाले सांगू?’ त्याचं खरं होतं. पण मग सुखदेवचा चेहरा कुठे पाहायचा?

वहिनींनी फोटो हातात घेतला. फोटोतही हात खांद्यावरच होता. त्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘मले दाखवला तो नवरदेव हाच. माह्या चुलीपाशी लाव. तिथी कोण येते पाहाले?’

फोटो आता चुलीजवळच्या भिंतीवर आहे. परवा गेलो तर वहिनी चहा गाळत होत्या. फोटोकडे नजर गेली तसा त्यांचा हात खांद्यावर गेला, पदर सारखा केला. अगदी त्याच्यासारखा… की राणी गेल्यावर तोच इतकी वर्षं यांच्यासारखा करत होता? चहा घेतला आणि निघालो.