काटक आणि आज्ञाधारक

पहाटे साडेचारला सुईवालीचा दिवस सुरू व्हायचा. घरचं आवरून ती आमच्या आधी बाइंडिंगच्या खोलीत हजर असे. शाळेची पुस्तकं शिवायची, म्हणून सुईवाली. शेजारी कटिंग मशीनवर मी. तिची शिलाई कधी सैल पडली नाही. हे कौतुक नव्हे. काम असंच करायचं असतं.

जुळणीत फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे गठ्ठे, चुकलेली पुस्तकं मालक कामगारांच्या पोरांना फुकट वाटायचा आणि दानशूर म्हणून मिरवायचा. सुईवालीची लेक अशाच पुस्तकांवर शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत आली. तिच्या इतिहासात एक फर्मा दोनदा होता, पुढचा नव्हताच. त्या गळलेल्या फर्म्यातच सुईवालीच्या, म्हणजे नदीपलीकडच्या लोकांचा धडा होता. परीक्षेत नेमकं विचारलं: या लोकांची माहिती लिहा. पोरीने घरी ऐकलेलं लिहिलं. पणजोबा गवंडी, धरणाच्या भिंतीवर राबले, मजुरीसाठी संप केला, तुरुंगात गेले. मास्तरांनी शून्य दिलं. तेवढ्यावर ती नापास.

सुईवालीने चांगली प्रत उघडली. शिवताना फर्म्याच्या पाठीवरची क्रमाची खूण बघतात, मजकूर नाही. तो धडा तिने तेव्हा पहिल्यांदा वाचला. मग माझ्यापुढे धरला. ‘हे लोक साधे, काटक व आज्ञाधारक असतात. आपल्या पूर्वजांनी त्यांना आसरा दिला.’ बैल विकताना दलाल असंच बोलतो. पंख्याखाली बसून हे लिहिणाऱ्या विद्वानांनी जन्मात एक वीट उचलली असेल तर शपथ.

दोघी मायलेकी हेडमास्तरांकडे गेल्या. साहेब मोठ्या मनाचे.

“फेरपरीक्षेत पुस्तकातलं उतरवू दे तिला, पास करून टाकतो. अहो, चांगलंच लिहिलंय की तुमच्याबद्दल.”

सुईवाली लेकीकडे वळली. “लिहिशील?”

“नाही, आई.”

“वर्ष जाईल.”

“जाऊ दे.”

आज्ञाधारक लोकांत ही पोर कुठून निपजली, याचं साहेबांना फार वाईट वाटलं म्हणे.

नापासांना फी माफ नव्हती. सुईवाली सुट्टीच्या दिवशीही शिवायला बसू लागली, बोटांना चिंध्या गुंडाळून. पुढच्या वर्षी परीक्षेत तोच प्रश्न आला. पोरीने तो कोरा सोडला आणि बाकीच्या उत्तरांवर पास झाली. मास्तर म्हणाले, हट्टी आहे. एवढं एकच त्यांना बरोबर कळलं.

सुईवालीने ना दागिना केला, ना घराला रंग दिला. घामाच्या पैशातून एकच चैन केली: लेकीचं त्याच वर्गातलं दुसरं वर्ष.