बदामी, विटकरी आणि धाकधूक

सांगलीत एका रंगाच्या दुकानात मी काउंटरवर असते. गिऱ्हाइकानं शेडकार्डावर बोट ठेवलं की मशीनवर तो रंग बनवून द्यायचा, हे माझं काम. पांढरा नेणारा माणूस निवांत येतो, निवांत जातो. पण बदामी, गव्हाळी, विटकरी असा मधलाच ऊबदार रंग हवा असला की त्याची झोप उडते. बनवलेला रंग परत घेता येत नाही, म्हणून माझीही. अशा लोकांचे किस्से माझ्याकडं इतके साठलेत की घरी जेवताना एक सांगायला घेतला की दुसरा आपोआप येतो.

*

गुळाचे एक व्यापारी होते. त्यांना हॉलला गुळाचा रंग हवा होता. कुठल्या गुळाचा, असं विचारलं तर ते रुमालात ढेपेचा तुकडाच घेऊन आले. खपून खपून मी हुबेहूब शेड जुळवली.

काही दिवसांनी घामाघूम होऊन परत आले. भिंत फिकी पडली, म्हणाले. हातात तोच तुकडा. जपून ठेवलेला रंगाचा नमुना काढून मी तुकड्याशेजारी ठेवला. त्यांनी नमुना पाहिला, तुकडा पाहिला. जन्मभर गूळ विकलेला माणूस, हळूच म्हणाला, “ताई, भिंत बरोबर हाय. दमट हवेनं गूळ काळा पडलाय.”

*

तासगावकडच्या सुरेखाचा नवरा फौजेत, पोस्टिंग लांब डोंगरात. नवीन घराचा रंग त्याच्याच पसंतीनं घ्यायचा म्हणून तिनं दुकानातून व्हिडिओ कॉल लावला आणि गव्हाळी रंगाचा नमुना मोबाइलसमोर धरला. तो नुसता बघत राहिला. आवडला न्हाई वाटतं, असं पुटपुटत तिनं दुसरा धरला. तरी गप्प. मग तिसरा. नवीन घरात भांडण नको म्हणून तिनं शेवटी पांढऱ्याकडं बोट केलं.

खरं तर रेंज गेली होती आणि पडद्यावर त्याचं चित्र अडकलं होतं. ते एकदम हललं.

“अगं, पहिलाच घे की. कवाधरनं व्हय म्हणतोय.”

*

वाईहून बदली होऊन आलेल्या एका शिक्षिकेनं मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून हॉल बदामी करून घेतला. संध्याकाळी ट्यूब लावली आणि त्यांचा फोन आला. आवाज रडवेला. भिंतींना कावीळ झाल्यासारखं दिसतंय, पाहुणे उद्या येणार. मी म्हणाले, ट्यूब बंद ठेवा, पिवळसर बल्ब लावा. पडदे कसले आहेत? हिरवे. तेही उतरवा, मोतिया रंगाचे लावा.

दुसरा दिवस गेला, फोन नाही. माझा जीव टांगणीला. मग बाई स्वतःच दुकानात आल्या, सोबत मुलाची आई, शेडकार्डावर तोच बदामी शोधत. लग्नाचं अजून ठरायचं होतं. रंगाचं ठरलं होतं.

*

शोभाकाकू नदीजवळ राहतात. पुराचं पाणी त्यांच्या घरात छातीपर्यंत येऊन गेलं. घर धुतलं, भिंती वाळल्या, पण पाण्याची रेघ राहिली. पांढरा रंग दिला, रेघ वर आली. पुन्हा दिला, पुन्हा आली. नदी वाढली अशी बातमी आली की काकू त्या रेघेकडं बघत बसतात, असं त्यांच्या सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं.

मी सुचवलं, आधी ओल अडवणारा थर द्या. मग खाली विटकरी, वर बदामी. दोन रंगांचा जोड त्या रेघेच्या थोडा वर घ्या.

काकूंनी शेडकार्डावर दोन्ही रंगांच्या मधून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “म्हंजे रेघ आता आपण मारायची.”

काम झाल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं. देव, कागदांची पेटी, धान्याचे डबे, सगळं उंच फळ्यांवर गेलं होतं.

“समदं बदामीत घेतलंय,” काकू म्हणाल्या.

मला बरं वाटलं. मग कोपऱ्यातला पलंग दिसला, विटकरी भिंतीला टेकलेला. हा तेवढा खालीच राहिला, असं मी म्हणाले.

काकूंनी बशीत चहा ओतला.

“माणसं उठून जात्यात, पोरी.”