मीच लिहिलेलं संमतीपत्र

मंडळी, आज पुरती अडकलेय. आमच्या शाळेची पाचवीची सहल ओढ्याकाठच्या राखीव जंगलात न्यायचीय आणि सगळी आखणी माझ्याकडे. प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "फॉर्म में लिख दीजिए, कुछ हुआ तो स्कूल ज़िम्मेदार नहीं." मी मुकाट्याने लिहिलं आणि शाळा सुटताना संमतीचे फॉर्म मुलांच्या हाती दिले.

दुपारी घाबरलेल्या पालकांचे फोन आले. "अरे, बस फॉर्मैलिटी है," असं मीच सगळ्यांना समजावलं.

संध्याकाळी इंदिरा नगरला घरी पोचले, तर लेकीनं तोच कागद पुढे केला. तीही आमच्याच शाळेत पाचवीत आहे. "मम्मा, साइन कर दो ना, कल लास्ट डेट है."

पेन त्या ओळीपाशी अडलं, ते अजून तिथंच आहे.

सकाळी वर्गात सगळ्यांचे फॉर्म मीच गोळा करणार. कोणत्या तोंडाने, ते तुम्हीच सांगा.