म्हैसदगडाखालचं पाणी

सिंधुबाईच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे, आणि तिच्या हातात कुऱ्हाड असली तर वाटेलाही जात नसे. उदगीरकडच्या त्या गावाच्या तळ्यात एक काळा खडक आहे, म्हैसदगड. पाऊस ओढ देतो, पाणी उतरतं, दगडाचं डोकं उघडं पडतं. त्या दिवसापासून तळ्यात मोटार टाकायची नाही, उरलेलं पाणी जनावरांचं, गोठ्यातल्या आणि रानातल्याही, असा गावाचा जुना नेम. नेम सगळ्यांना तोंडपाठ, पाळायची वेळ आली की मात्र ज्याचं त्याचं पीक आडवं यायचं. अशांचे पाईप सिंधुबाई तोडायची. तळ्याकाठच्या रानवाल्या शिवमूर्तीचा तर दोनदा तोडला होता.

गेल्या भादव्यात दगड उघडा पडला आणि मोटार टाकली ती तिच्याच लेकानं, सत्यमनं.

त्याचंही चुकत नव्हतं. सोयाबीन शेंगा भरायला आलेलं, पावसाचा पत्ता नाही. एक पाणी मिळालं असतं तर पीक हाती लागलं असतं. पण सिंधुबाईचं डोकं फिरलं. भाकरी थापता थापता उठली, पिठाच्या हातानंच कुऱ्हाड उचलली आणि तळ्यावर जाऊन एका घावात पाईप चिरला.

सत्यम धावत आला. "माय, येड लागलं का तुला? आपलंच पीक हाय ते!"

"म्हाईत हाय. सर बाजूला."

"कुणासाठी राखून राहिलीस? त्या डुकरांसाठी? माझ्या बापाला फाडलं त्यांनी!"

हे खरं होतं. एका दुष्काळात रानडुकरानं सत्यमच्या बापाची, अण्णारावांची मांडी फाडली होती. उदगीर गाठेपर्यंत सगळं रक्त वाहून गेलं. सत्यम तेव्हा लहान, त्याला डुक्कर तेवढं ठाऊक. त्यामागचं कारण सिंधुबाई आजवर गिळून बसली होती, नवऱ्याच्या नावाला बट्टा नको म्हणून.

"डुक्कर आपल्या गोठ्यातल्या हौदावर कशाला आलं, इचारलंस कधी?" ती ओरडली. "तळं कोरडं केलतं. तुझ्या बापानं! हाच दगड उघडा पडला व्हता, अन् मोटार आपलीच व्हती!"

"खोटं बोलतीस!"

त्यानं कुऱ्हाडीला हिसका दिला. ती सोडेना. दोघं चिखलात पडले. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली, आणि रागाच्या भरात त्यानं कुऱ्हाडीचा दांडा हाणला. तिच्या उजव्या हाताचं हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

तेवढ्यात पलीकडच्या बाभळींच्या झाडीतून एक रानडुकरीण पाण्याकडं उतरली, मागं पिल्लं. सत्यमनं कुऱ्हाड उगारली.

"हलू नको," माय दात आवळून म्हणाली. "तहानलेली हायेत. पिऊन जातील."

डुकरीण त्यांच्याकडं रोखून बघत थांबली, मग तिनं पाण्यात तोंड घातलं. पिल्लं प्यायली आणि सगळी आली तशी निघून गेली. मोटार अजून चालूच होती; सत्यमनं उठून ती बंद केली.

उदगीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, हात कशानं मोडला?

"लेकानं मोडला," सिंधुबाईनं लेकासमोरच सांगितलं. "पर आधी मी त्याचा पाईप तोडला." धरणीनं पोटात घ्यावं असं सत्यमला झालं.

परतीचा पाऊस आला तो सोयाबीन हातचं गेल्यावर. शेंगा पोचट निघाल्या. पण म्हैसदगड बुडाला, काळ्या रानात ओल मुरली आणि हरभऱ्यानं घर तारलं. सिंधुबाईचा हात मात्र वाकडाच जुळला. मायलेक बोलायचे, जेवायला एकत्र बसायचे. त्या दिवसाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

यंदा दगड पुन्हा दिसला. शिवमूर्तीनं मोटार टाकल्याचं कळताच सिंधुबाईनं डाव्या हातानं कुऱ्हाड उचलली. ती घ्यायला सत्यमनं हात पुढं केला, तसा तिचा वाकडा हात, मार चुकवावा तसा, आपसूक तोंडासमोर आला.

त्यानं ते पाहिलं. मग तिच्या मुठीतून कुऱ्हाड हळूच सोडवून घेतली आणि एकटाच तळ्याकडं निघाला.